पंगतीतून उठताना

लग्नाच्या कार्यालयांत आता टेबल-खुर्च्या आल्या. तरी गावच्या जत्रेत, देवळातल्या भंडाऱ्यात, एखाद्या घरच्या वास्तुशांतीला अजून जमिनीवर पंगत बसते. जेवण आटोपतं आणि उठायची वेळ येते. पोरं हात न टेकता एका झटक्यात उभी राहतात. तिशीतली माणसं एक हात जमिनीला लावतात. पन्नाशीतला एखादा आधी गुडघ्यावर येतो, मग शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतो. त्याच ओळीत सत्तरीच्या एखाद्या आजी मात्र पदर सावरत सहज उठतात आणि थेट हात धुवायला निघतात. वय सगळ्यांचंच वाढतं. पण शरीर किती कामाचं राहिलं, हे वय एकटं ठरवत नाही.

जमिनीवरून उठणं दिसायला साधं असलं, तरी त्यासाठी बरंच काही लागतं. मांड्यांत आणि कुल्ह्यांत अंगाचं वजन उचलण्याची ताकद हवी. खुबा, गुडघा आणि घोटा पुरेसा वाकायला हवा. उठताना तोल जाता कामा नये. आणि उचलायचं वजन ताकदीच्या मानाने फार जास्त असेल, तर बाकी सगळं असूनही अडतं. आता वाढणाऱ्यांकडे बघा. एका हातात आमटीची भरलेली बादली, दुसऱ्या हातात डाव. प्रत्येक पानापुढे वाकायचं, वाढायचं, सरळ व्हायचं, पुढे सरकायचं. एका पंगतीत शंभर वेळा वाकणं होतं, आणि मग दुसरी पंगत बसते. बादली उचलायला ताकद लागते. ती तासभर धरून ठेवायला स्नायूंचा तग लागतो. धाप न लागता फिरत राहायला दम लागतो.

आपण 'तंदुरुस्ती' हा एकच शब्द वापरतो, म्हणून ती एकच गोष्ट आहे असं वाटतं. खरं तर तिची पाच मुख्य अंगं आहेत: हृदय-फुप्फुसांचा दम, स्नायूंची ताकद, स्नायूंचा तग, सांध्यांचा लवचिकपणा आणि शरीरातलं चरबी-स्नायूंचं प्रमाण. आरोग्याशी यांचा थेट संबंध आहे. याशिवाय चपळाई, तोल, हातापायांचा मेळ, वेग, झटक्यात जोर लावण्याची शक्ती आणि चटकन प्रतिसाद देणं ही सहा अंगं खेळाडूला विशेष लागतात. त्यांतला तोल मात्र उतारवयात प्रत्येकालाच लागतो. या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच, की ही अंगं एकमेकांना मदत करतात, पण एकमेकांची जागा घेत नाहीत. प्रत्येकाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

दम

स्वस्थ बसलेलो असताना आपलं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. चढावर धावत सुटलो, तर निरोगी तरुणाचं हृदय तेच काम चौपटीने करतं. फुप्फुसांनी प्राणवायू घ्यायचा, रक्ताने तो वाहून न्यायचा आणि स्नायूंच्या पेशींनी तो वापरून ऊर्जा काढायची, अशी ही साखळी आहे. ती जितकी सक्षम, तितका माणसाचा दम मोठा.

नियमित चालणं, पळणं, पोहणं, सायकल चालवणं यांनी या साखळीची प्रत्येक कडी सुधारते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागतं. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. सर्वसाधारण माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. कसलेल्या धावपटूची चाळीसच्या घरातही असू शकते. स्नायूंमध्ये केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींतली ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, संख्येने व कामाने वाढतात.

दमाचा आणि आयुष्याचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर असत, एकाच शहरात राहत, एकाच थरातले असत. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून असे आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ साली हे संशोधन 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता. झाला तरी तो उशिरा होत होता आणि अचानक मृत्यूचं प्रमाणही बरंच कमी होतं.

शंका घेणाऱ्यांनी विचारलं, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांच्या गटाने मग गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांचे कमरेचे घेर खरोखरच मोठे निघाले. पण पुढे सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पाहिलं, तरी प्रत्येक गटात कंडक्टरच सुरक्षित ठरले. दारोदार पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलापाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक आढळला. मुंबईच्या दुमजली बसमध्ये गर्दीतून वर-खाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पायऱ्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

ताकद आणि तग

स्नायू एकदाच जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, ती ताकद. तोच स्नायू न थकता किती वेळ काम करत राहतो, तो तग. गॅसचा सिलिंडर उचलणं हे ताकदीचं काम, तर परातभर कणीक मळणं तग धरण्याचं. दोन्ही वेगवेगळ्या व्यायामांनी वाढतात. मोजक्याच वेळा उचलता येईल असं जड वजन ताकद वाढवतं. हलकं वजन पुष्कळ वेळा उचललं की तग वाढतो.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळला की मांड्या दुबळ्या होतात. मांड्या दुबळ्या झाल्या की गुडघ्यांवरचा भार वाढतो आणि ते आणखी दुखतात. अनेक घरांत आई-वडिलांच्या बाबतीत हे चक्र फिरताना दिसतं, आणि सगळे 'वय झालं' म्हणून ते मान्य करून टाकतात.

ताकद हा पैलवानांचा शौक नव्हे, हे मुठीच्या पकडीनेही दाखवून दिलं आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड एका यंत्रावर मोजून काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पकड जितकी कमजोर, तितका मृत्यूचा धोका जास्त आढळला. हे भाकीत करण्यात पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. याचा अर्थ रबरी चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढतं, असा नाही. पकड ही सगळ्या अंगातल्या ताकदीची खूण आहे, म्हणून ती बोलकी.

लवचिकपणा आणि तोल

सांधा त्याच्या पूर्ण मर्यादेपर्यंत न दुखता हलणं म्हणजे लवचिकपणा. तो प्रत्येक सांध्याचा वेगळा असतो. मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचा खांदा आखडलेला असू शकतो. उकिडवं बसून भांडी घासणं, पाटावर बसून जेवणं, अंगणात वाकून सडा-रांगोळी करणं यातून आपल्याकडे खुबे आणि घोटे नकळत मोकळे राहत होते. या बैठका घरातून गेल्या आणि त्यांच्याबरोबर सांध्यांची ती हालचालही गेली. ती आता मुद्दाम करावी लागते.

तोल सांभाळण्यासाठी डोळे, आतला कान, आणि सांध्या-स्नायूंकडून मेंदूला मिळणारी खबर या तिघांचा मेळ लागतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगण्यात आलं. पाचातल्या एकाला ते जमलं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वय, वजन आणि आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही, न जमलेल्यांचा पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका सुमारे ८४ टक्के जास्त निघाला. एक संभाव्य कारण उघड आहे. ज्याचा तोल जातो तो पडतो, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. दात घासताना भिंतीजवळ उभं राहून आळीपाळीने एकेक पाय उचलला, तरी या अंगाची रोजची उजळणी होते.

अंगातली चरबी

वजनकाटा शरीराचं एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. या फरकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा: २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबीदार अशी ही भारतीय ठेवण डॉ. याज्ञिक यांच्या अभ्यासामुळे जगभर चर्चेत आली. आपल्याकडे नवजात बाळांतही ती दिसते, हे पुण्यातल्याच अभ्यासांनी दाखवलं.

म्हणून आपल्यासाठी मोजपट्टी कडक आहे. भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात. बेंबीच्या आसपास पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणं ही धोक्याची खूण मानतात, कारण आतड्यांभोवतीची चरबी मधुमेहाला आणि हृदयविकाराला आमंत्रण देते. शिंप्याकडची साधी टेप इथे वजनकाट्यापेक्षा जास्त खरं सांगते.

मागितलं तेवढंच

हात मोडून दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला, तर प्लास्टर काढल्यावर तो ओळखू येत नाही. काडीसारखा बारीक झालेला असतो, कोपर सरळ होत नाही, चहाचा कप धरतानाही थरथरतो. खाण्यापिण्यात काही उणं पडलेलं नसतं. दुसरा हात जसाच्या तसा असतो. दीड महिना त्या हाताकडे कुणी काही मागितलं नाही, म्हणून शरीराने तिथला खर्च बंद केला. स्नायू पोसायला महाग असतो. जो वापरात नाही, तो शरीर ठेवत नाही.

हेच अख्ख्या शरीराबाबत घडतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वजन सरासरी पाव पटीने वाढलं होतं, चरबी दुप्पट झाली होती. पण दमाची घट? वाढत्या वयाच्या तीस वर्षांनी केली नाही, एवढी हानी विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केली होती. आणि सहा महिन्यांच्या चालण्या-पळण्याच्या सरावाने तीस वर्षांत गमावलेला दम त्यांनी भरून काढला.

शरीर मागितलं तेवढंच देतं, आणि ज्या अंगाकडे मागितलं त्याच अंगाला देतं. रोज तासभर रमतगमत चालणाऱ्याचा दम बरा असतो, पण त्याच्या दंडांना त्याचा काही उपयोग नाही. जिममध्ये फक्त दंड फुगवणारा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकतो.

आपल्या जुन्या व्यायामांकडे या नजरेने पाहिलं की त्यांची आखणी लक्षात येते. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला. स्वतः रोज घातले आणि संस्थानातल्या शाळांतही सुरू केले. एक नमस्कार सावकाश घालून बघा. पुढे वाकताना मांड्यांमागचे स्नायू आणि पाठ ताणली जाते. एक पाय मागे टाकला की खुब्याचा पुढचा भाग मोकळा होतो. छाती जमिनीला लावून पुन्हा वर येताना खांदे, छाती आणि दंडांची मागची बाजू अंगाचं वजन पेलते. मान वर करून मागे वळताना पाठीचा कणा उलट दिशेने वाकतो. टाचा टेकवायला गेलं की पोटऱ्या ताणतात. वेगाने पंचवीस घातले की छाती भात्यासारखी चालते, म्हणजे दमाचाही व्यायाम झाला. दोन चौरस मीटर जागेत, एका पैशाच्या साधनाशिवाय इतकं मिळतं. तरी त्यात एक गोष्ट राहते: हातांनी खेचणं. पाठीचे आणि दंडाच्या पुढच्या बाजूचे स्नायू नमस्कारात फारसे राबत नाहीत.

तालमीत ती उणीव नसायची. छाती-खांद्याला जोर, पायांना बैठका, खांदे फिरवायला मुद्गल, खेचण्याला दोर आणि मल्लखांब. आखाड्यातली लाल माती फावड्याने उकरून काढायची, यातच अंग घामाने निथळायचं. आणि मग कुस्ती: ताकद, तग, तोल, चपळाई, सगळ्यांची एकत्र परीक्षा. पण मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर त्याच पैलवानाचं पोट सुटतं हेही आपण पाहतो. तंदुरुस्तीची पेन्शन मिळत नाही. ती रोजच्या रोज कमवावी लागते.

पदरात काय पडतं

स्नायू हे साखर साठवण्याचं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणूनच जेवणानंतरच्या शतपावलीला अर्थ आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत, २००२ च्या निष्कर्षांनुसार, व्यायाम, आहार आणि थोडं वजन घटवणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आणलं, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या भारतीय चाचणीत जीवनशैलीतल्या बदलाने ही घट सुमारे २८ टक्के दिसली. आकडा लहान असला तरी दिशा तीच.

रक्तदाब उतरतो. रक्तवाहिन्या लवचिक राहतात. ओढ आणि भार मिळाल्याने हाडं घट्ट राहतात. पाळी गेल्यावर ज्यांची हाडं वेगाने ठिसूळ होतात, त्या स्त्रियांसाठी हे फार मोलाचं आहे. झोप गाढ लागते, उदासी आणि काळजी कमी होते. आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो. या साऱ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: राखीव बळ. तापाने आठ दिवस झोपवलं किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली, तर ज्याच्याकडे शिल्लक असते तो त्यातून लवकर उठतो.

किती आणि कसं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला हिशेब असा. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका. आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोलाचे व्यायाम जोडावेत. मुलांना रोज सरासरी तासभर दौडधूप हवी. भारतात निम्म्याच्या जवळपास प्रौढ, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, या किमान पातळीच्याही खाली आहेत.

'घरकामात होतो की व्यायाम' असं अनेक गृहिणी म्हणतात. ती हालचाल मोलाचीच आहे. पण ती दिवसभर त्याच मापाची असते. तिने धाप लागत नाही आणि स्नायूंवरचा भार वाढत नाही. शिवाय ते काम घरासाठी असतं. दिवसातली तीस मिनिटं गृहिणीला तिच्या स्वतःच्या शरीरासाठी मोकळी करून देणं ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.

सुरुवात आज जमतं त्याच्या थोडीच पुढे असावी. खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून, अर्ध्या मिनिटात किती वेळा उभं राहता येतं ते मोजा. साठी ते चौसष्टीतल्या स्त्रीला बारापेक्षा आणि पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद कमी पडते आहे असं समजतात. जे जमलं तेवढ्यापासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोनने वाढवा. छातीत दुखणं, चक्कर, जुना हृदयविकार किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि उशीर झाला असं वाटत असेल, तर बॉस्टनमधल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात काय घडलं ते लक्षात ठेवा. तिथे राहणाऱ्या, वयाने ८६ ते ९६ असलेल्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम सुरू करून दिला. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. नऊ जणांनी तो पुरा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं. आणि हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून ज्यांना उठताच येत नव्हतं अशा तिघांपैकी एक जण, नव्वदीच्या आसपास, हात न टेकता उठून उभा राहिला.